सळई तुटेपर्यंत

त्याला 'काका' म्हणायला सुरुवात कुणी केली यावर लॅबमध्ये दोन मतं होती. एक मत असं की, नव्याने आलेल्या एका मुलाने त्याला शिपाई समजून 'काका, इथला लाइट कुठून लागतो?' असं विचारलं आणि याने निमूट उठून लाइट लावून दिला. दुसरं मत असं की, चहा पिताना तो स्वतःच एकदा 'आमच्या वेळी' असं म्हणून गेला. काही असो, नाव चिकटलं ते चिकटलंच. वय म्हणाल तर पस्तिशीच्या आसपास. केस मात्र खरोखरच काकांचे.

त्याच्या बरोबरीचे सगळे पीएचडी होऊन कधीच गेले होते. कुणी परदेशी गेला, कुणी कंपनीत लागला, आणि अधूनमधून पोट सुटलेल्या अवस्थेत जुनी लॅब बघायला यायचा. आल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं. 'अरे, तू अजून इथेच?' हे वाक्य म्हणताना आवाज मुद्दाम आनंदी ठेवायचा असतो, आजाऱ्याला 'छान दिसतोयस हं' म्हणताना ठेवतात तसा. काका हसून म्हणायचा, "सळई तुटली की निघालोच."

सळई हे त्याचं संशोधन. तळघरातल्या त्या लॅबमध्ये भिंतीलगत ओळीने यंत्रं उभी होती. प्रत्येक यंत्रात नळकांड्यासारखी एक उभी भट्टी, तिच्या पोटात पोलादाची बोटभर लांबीची सळई, सळई वरून घट्ट धरलेली आणि खालून तिला वजन लटकवलेलं. भट्टी तापती ठेवायची, वजन लटकतं ठेवायचं आणि बघत बसायचं. तापलेली सळई वजनाने लांबत जाते, पण इतकी सावकाश की केसाच्या जाडीएवढी वाढली तरी लॅबमध्ये बातमी व्हावी. आणि मग एक दिवस ती तुटते. जड वजनाची लवकर तुटते, हलक्या वजनाची उशिरा. किती उशिरा, एवढाच त्याचा प्रश्न होता.

वीजघरातले वाफेचे पाईप असेच वर्षानुवर्षं तापलेले आणि ताणलेले असतात. ते किती टिकतील हे बघायला तितकी वर्षं कोण थांबणार? म्हणून सगळे जण जड वजनाच्या सळया भराभर तोडतात, आलेल्या आकड्यांवरून आलेखावर एक सरळ रेघ ओढतात आणि तीच पुढे लांबवतात. काकाचं म्हणणं असं की पुढे गेल्यावर रेघ सरळ राहत नाही, ती खाली वाकते. म्हणजे पाईप सांगितल्यापेक्षा लवकर दगा देतात. म्हणणं झकास होतं. ते सिद्ध करायला फक्त सगळ्यात हलक्या वजनाची एक सळई खरोखरीची तुटायला हवी होती. बाकी सगळ्या तुटून, डब्यात भरून, त्यांच्यावर चिठ्ठ्यासुद्धा चिकटवून झाल्या होत्या. ही एकच लटकून होती.

नातेवाइकांना हे समजावणं त्याने सोडून दिलं होतं. 'तू नक्की करतोस काय?' असं कुणी विचारलं तर सरळ सांगायचा, "वाट बघतो." मावशी एकदा म्हणाली, "त्यासाठी एवढं शिकावं लागतं होय? आम्ही तर न शिकताच बघतो." लग्नाचा विषय निघाला की 'पीएचडी होऊ दे' हे उत्तर तयार असायचं. आधी ते तो देत असे, मग घरचे देऊ लागले, आणि शेवटी विषयच कुणी काढेना.

सरांची तऱ्हा वेगळी. सर म्हणजे त्याचे गाईड. त्यांचं प्रत्येक वाक्य 'काय आहे ना' असं सुरू व्हायचं आणि काय आहे ते शेवटपर्यंत कळायचं नाही. चष्मा कपाळावर ढकलून ते म्हणायचे, "काय आहे ना, आपण थांबू शकतो. म्हणजे थांबूच नये असं नाही. पण थांबावंच असंही नाही." त्यातला मथितार्थ काकाला पाठ होता. रेघ सरळ लांबव, लिहून टाक आणि मोकळा हो. पण रेघ सरळ लांबवली तर त्याच्या प्रबंधात राहतं काय? जे सगळ्यांनी आधीच सांगितलं तेच पुन्हा. तो मान डोलवायचा आणि खाली तळघरात येऊन भट्टीसमोर स्टूल टाकून बसायचा.

त्या सळईला तो इतका जपायचा की बघणाऱ्याला हसू यावं. त्या यंत्राजवळून जाताना लोकांनी पाय न आपटता चालायचं. कपाटाचं दार आपटायचं नाही. चिमणी नावाची एक ज्युनिअर होती, म्हणजे तिचं नाव ते नव्हतं, पण तिची चिवचिव ऐकून सगळे तेच म्हणायचे. तिच्या बोलण्यात पूर्णविराम नावाची वस्तू नव्हती. ती एकदा म्हणाली, "काका ऐका ना म्हणजे रागावू नका पण भट्टीतलं तापमान सांगणारी ती तार आहे ना ती फार जुनी झालीय एकदा बदलून बघायची का, माझ्या भट्टीतली बदलली तर चार अंशांचा फरक निघाला खरंच."

कधी न रागावणारा काका रागावला. तार बदलायची म्हणजे भट्टीचं तोंड उघडणार, आतला ताव थोडा उतरणार, हात लागून सळईला हिसका बसणार. "त्या यंत्राला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "श्वाससुद्धा लांबून घ्यायचा."

हे वाक्य पुढे लॅबमध्ये फार चाललं. कुणी डबा उघडला की 'श्वास लांबून घे', कुणी सरांच्या खोलीत निघाला की 'श्वास लांबून घे'. काकाही हसायचा. पण तार काही बदलली गेली नाही.

घरी तो आणि अण्णा. आई गेल्यापासून दोघंच. अण्णांनी जन्मभर गाडी शिकवली होती. त्यांची एकच मोटार, तिच्यावर मागेपुढे लाल एल, आणि त्यांच्या डाव्या बाजूच्या सीटपुढे पायाशी एक जादा ब्रेक. रिटायर झाले तरी त्यांचा पाय त्या ब्रेकवरून उठला नव्हता. टीव्हीवर कुणी जोरात धावलं तरी अण्णांचा उजवा पाय सतरंजीवर दाबला जायचा. जेवताना म्हणायचे, "घास सावकाश. तिसऱ्या गिअरवर चावायचं नसतं." सलूनमध्ये आरशात बघत बसलेल्या माणसाला त्यांनी एकदा सांगितलं होतं, "साहेब, आरसा भांग बघायला नसतो, मागून कोण येतंय ते बघायला असतो." त्या माणसाने खरंच मागे वळून बघितलं.

आणि मुलाकडे बघून त्यांचा एकच विनोद. "काय बाळ्या, एल लावूनच फिरणार का जन्मभर? माझ्या हाताखाली भित्र्यातला भित्रासुद्धा दीड महिन्यात सुटलाय." हे ते पाहुण्यांसमोरही म्हणायचे. पाहुणे हसायचे, बाळ्या हसायचा, आणि हसणं संपल्यावर अण्णा हळूच विचारायचे, "पण होणार ना रे?"

"होणार."

"मी असताना?"

हा दुसरा प्रश्न सुरुवातीला नसायचा. अण्णांच्या फुप्फुसांनी कुरकुर सुरू केली तेव्हापासून तो आला. आधी जिना चढताना धाप लागायची, मग बसल्या बसल्या लागू लागली, मग दवाखान्यातली एक खाट त्यांच्या नावावर झाल्यासारखीच झाली. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी काकाला बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये नेलं आणि फाइल उघडून तिच्यात न बघता सांगितलं की आता घरच्यांनी तयारीत राहावं. किती दिवस हे त्यांनी सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. किती टिकेल ते सांगता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

आता त्याचा जीव दोन्हीकडे टांगणीला लागला. सकाळी वॉर्डात, दुपारी तळघरात, संध्याकाळी पुन्हा वॉर्डात. सळई तुटायला हवी होती आणि अण्णा टिकायला हवे होते. मनातल्या मनात तो दोघांनाही काहीबाही सांगायचा. सळईला म्हणायचा, पुरे की आता. अण्णांना म्हणायचा, थोडं अजून.

चिमणीचा फोन आला तेव्हा तो अण्णांना चमच्याने पाणी पाजत होता. ती म्हणाली, "काका तुटली म्हणजे तुटलीच मी नुसती आत आले दारसुद्धा नाही आपटलं शप्पथ आणि वजन धप्पकन खालच्या वाळूच्या डब्यात, काका ऐकताय ना तुटली." त्याच्या हातातला चमचा अण्णांच्या शर्टावर उपडा झाला.

"अण्णा," तो म्हणाला, "तुटली."

अण्णांनी नाकातल्या नळ्यांसकट त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की नर्सला वाटलं, ऑक्सिजन जास्त झाला. ती बघायला आली तर अण्णा तिला म्हणाले, "सिस्टर, यांना डॉक्टर म्हणायचं आता. पण तुमच्यातले नव्हेत हो. लोखंडाचे." तिथून जी सुरुवात झाली ती थांबेचना. सफाईवाल्याला सांगितलं, जेवणाची गाडी ढकलणाऱ्याला सांगितलं. दूरच्या गावी असलेल्या ताईला फोन लावायला लावला आणि धापा टाकत सांगितलं, "तुझा भाऊ डॉक्टर झाला." शेजारच्या खाटेवर पाय मोडलेले एक गृहस्थ होते. त्यांच्या पायात सळई घातलेली होती. अण्णा त्यांना म्हणाले, "एकदा आमच्या मुलाला दाखवून घ्या." ते बिचारे खरंच पांघरूण बाजूला करू लागले.

"अण्णा, अजून व्हायचंय," काका हसत म्हणत होता. "लिहायचंय, तोंडी परीक्षा व्हायचीय." पण तो स्वतःच इतका हसत होता की त्याचं कुणी ऐकलं नाही.

हसायला कारणही तसंच होतं. सरळ रेघेने सांगितलं होतं त्याच्या पुष्कळ आधी सळई तुटली होती. रेघ वाकत होती. त्याचं म्हणणं खरं ठरत होतं. सरांनी आलेखावर तो एकटा ठिपका बघितला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पहिल्यांदाच 'काय आहे ना' न म्हणता बोलले, "वा." लॅबमध्ये टाळ्या झाल्या. चिमणीने तुटलेल्या सळईचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. फोटोत काकाचा अर्धा अंगठाही होता.

चाचणी संपल्यावर तापमानाची तार तपासायची, असा त्या लॅबचा नियम होता. जुनी तार आणि खात्रीची एक तार एका छोट्या भट्टीत शेजारी शेजारी ठेवायच्या आणि दोघी एकच आकडा सांगतात का ते पाहायचं. बहुतेक जण हे करायचे नाहीत, फॉर्मवर नुसती खूण करून टाकायचे. काका मात्र सगळ्या ज्युनिअर मुलांच्या मागे लागून ते करून घ्यायचा. म्हणून त्यानेही ते केलं. मनात काही शंका होती म्हणून नव्हे. हात धुऊन जेवायला बसावं तसं.

दोघी एकच आकडा सांगत नव्हत्या.

त्याला वाटलं, तार नीट आत गेली नसेल. पुन्हा लावली. मग खात्रीच्या तारेवरच शंका घेऊन दुसरी खात्रीची तार आणली. जुनी तार आपली अकरा अंश कमीच सांगत होती. इतकी वर्षं तावात राहून ती म्हातारी झाली होती. ती भट्टीला सांगायची, अजून पुरतं तापलेलं नाही. भट्टी बिचारी आणखी तापायची. सळई लवकर तुटली होती ती रेघ वाकते म्हणून नव्हे, किंवा म्हणूनही असेल. पण अकरा अंश जादा तावात तर ती कशीही लवकरच तुटली असती. तार कधीपासून खोटं बोलू लागली, हेही कळायला मार्ग नव्हता. वेळच्या वेळी बदलली असती तर कळलं असतं. बदलली नव्हती, कारण त्याने कुणाला हात लावू दिला नव्हता.

चिमणी शेजारीच उभी होती. तिने दोन्ही आकडे वाचले. "अकरा," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पूर्णविराम दिला.

सरांच्या खोलीत त्याने सगळं सांगितलं. सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. मग म्हणाले, "काय आहे ना, तू तपासलं नसतंस..." आणि तिथेच थांबले. पुढे म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही, आणि त्यांनी म्हणू नये असं काकालाही वाटत होतं. मग त्यांनी व्यवहाराचं सांगितलं. नवी सळई लावायला आता मुदत नाही, विद्यापीठ आणखी वाढ देणार नाही. जड वजनाच्या लहान चाचण्या झाल्या आहेत तेवढ्यांवर लिही. "पास होशील," ते म्हणाले. "नवीन काही नसेल, पण पास होशील."

संध्याकाळी तो वॉर्डात गेला तो अण्णांना खरं सांगायचं ठरवूनच. वाटेत त्याने वाक्य जुळवलं होतं. अण्णा, थोडी चूक झाली. नाही; अण्णा, ते जरा लांबलंय. नाही; अण्णा, ती तार होती ना. गाडी शिकवणाऱ्या माणसाला समजेल असं तो सांगणार होता. समजा, तुमचा स्पीडचा काटाच कमी दाखवत असेल, तर?

अण्णांच्या तोंडावर आता मास्क होता. त्यांनी तो बोटाने जरा उचलला. त्यांना बोलायचं होतं आणि एकेक शब्द जिन्याच्या पायऱ्यांसारखा चढावा लागत होता.

"बाळ्या, एल काढला बाबा एकदाचा."

तो म्हणाला, "अण्णा, ऐका जरा."

"आता तू चालव. मी मागे बसतो." त्यांनी मास्क सोडला, दम घेतला, पुन्हा उचलला. "मागे कधी बसलोच नाही रे मी. पाळी यायची होती ती पोरं मागे बसायची, झोपा काढत."

अण्णांचे दोन्ही पाय पांघरुणाखाली सैल पडले होते. त्याने पांघरूण सारखं केलं, मास्क नीट बसवला आणि म्हणाला, "बसा. निवांत बसा." शेजारचे पाय मोडलेले गृहस्थ भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत होते.

अण्णा आठवडाभराने, दुपारी, भेटीच्या वेळेत गेले. तो खाली औषध आणायला गेला होता. वर आला तर नर्सने पडदा ओढलेला होता आणि ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, जरा थांबा." तो थांबला.

घरी भेटायला माणसं आली. अण्णांच्या हाताखाली शिकलेली कितीतरी होती. ट्रक चालवणारे, शाळेची बस चालवणाऱ्या बाई, चार रस्ते ओलांडायला अजूनही घाबरणारे एक वकील. सगळ्यांनी बाहेर गाड्या अगदी शिस्तीत, फुटपाथला समांतर लावल्या होत्या. आत येऊन प्रत्येक जण त्याचा हात हातात घेत होता आणि म्हणत होता, "तुम्ही डॉक्टर झालात ते बघून गेले, हे फार बरं झालं." मावशीसुद्धा डोळे पुसत म्हणाली, "वाट बघून मिळवलंस रे." ताई आली होती, ती तर याच एका गोष्टीला धरून होती. निदान तेवढं समाधान त्यांना मिळालं, असं ती प्रत्येकाला सांगत होती. तो प्रत्येकाला 'हो' म्हणत होता.

मग तो लिहायला बसला. अण्णांच्या खोलीत, त्यांच्या टेबलावर. लहान चाचण्यांचं सगळं लिहिलं. रेघ ओढली. ती पुढे सरळ जाते की वाकते ते सांगता येत नाही, असं लिहिलं. शेवटच्या सळईचा ठिपका त्याने आलेखात घेतला नाही, पण ती का तुटली आणि तिचा आकडा का धरायचा नाही, यावर एक प्रकरण लिहिलं, त्यात तार न बदलण्याचा निर्णय कुणाचा होता तेही लिहिलं. सर म्हणाले, "काय आहे ना, आपणच आपल्याविरुद्ध एवढं..." त्याने ते प्रकरण काढलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, चांगले होते. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं आणि विचारलं की तार वेळेवर बदलण्याचा नियम माहीत होता ना, मग का बदलली नाही?

तो म्हणाला, "सळई दुखावेल अशी भीती वाटली."

खोलीत हलकंसं हसू फुटलं. परीक्षकही हसले, मग का कोण जाणे, हसायचे थांबले. पुढचा प्रश्न त्यांनी सोपा विचारला.

पास झाला. लॅबमध्ये चिमणीने फळ्यावर मोठ्या अक्षरांत अभिनंदन लिहिलं, चहा झाला, आणि ती पुन्हा आपल्या भट्टीकडे गेली. आता काकाचं ते यंत्र तिचं होतं. तिने तिथे नवी सळई लटकवली होती आणि शेजारी शेजारी दोन तारा लावल्या होत्या.

घरी येऊन त्याने कुलूप काढलं, बूट काढले, आणि उभ्या उभ्याच ताईला फोन लावला.

"अगं, आज झालं."

"काय झालं?" ताई घाबरलीच. हल्ली तिला प्रत्येक फोनची धास्ती वाटायची.

"पीएचडी. झाली."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ताईने गॅस बारीक केला असावा. मग ती गोंधळून म्हणाली, "म्हणजे? तू तर अण्णा असतानाच झालास ना? अण्णांनीच मला सांगितलं."

त्याने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"हो," तो म्हणाला. "आज नुसता कागद आला."

"हां, तसं म्हण की," ताई म्हणाली. "नीट जपून ठेव हो. तुझं काही खरं नाही." आणि मग ती तिच्या धाकट्याला गणितात किती कमी पडले ते सांगू लागली, आणि तो भिंतीला टेकून 'हं, हं' करत ऐकत राहिला.